पाटीशेजारी न ठेवलेला कॅन

जाईबाई बाजारात पाणी पीत नसत. नेरुळला आमच्या सेक्टरबाहेर, रस्त्याच्या कडेला त्या बावीस वर्षं मासळी विकतायत, आणि मला कळायला लागल्यापासून मी हे बघत आलेय. शेजारी बर्फ वितळून ओहोळ वाहतोय, मासळीवर दर मिनिटाला पाणी शिंपडलं जातंय, पण घोटभर पाणी बाईंच्या तोंडात जात नाही. लहानपणी मला वाटायचं, यांना तहानच लागत नसेल. कारण साधं होतं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर पाटी कुणाच्या भरवशावर सोडायची?

त्या सारसोळ्याच्या. नेरुळच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून जे गाव खाडीकाठी होतं, त्या गावच्या. नवरा खाडीत जाळं टाकायचा. तो वारल्यालाही आता नऊ वर्षं झाली. मुलगा प्रणय न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे, सून रुतिका बीकॉम झालीये आणि घर सांभाळते. जाईबाई पहाटे चारला उठतात, दिवाळे गावच्या बंदरावर जाऊन मासळी घेतात आणि साडेसहाला आमच्या कोपऱ्यावर हजर. एकपर्यंत बसतात, घरी जाऊन जेवतात, चारला परत येतात ते साडेआठपर्यंत.

गिऱ्हाइकांची नावं त्यांना पाठ नाहीत, मासळी पाठ आहे. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब म्हणजे 'बिनकाट्याचे'. समोरच्या बँकेतली बाई म्हणजे 'आजचं का कालचं'. माझी आई म्हणजे 'दोन डोकी', कारण ती नेहमी एक डोकं जास्त मागते. आमचं मूळ गाव महाडजवळ, त्यामुळे घरात बुधवार-रविवार मासळी ठरलेली, आणि ती जाईबाईंकडूनच. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स पास होऊन हॉस्पिटलात लागले तेव्हा पेढा घेऊन त्यांच्याकडेही गेले होते. पेढा कनवटीला बांधत त्या शेजारणीला म्हणाल्या, "दोन डोकीची पोर आता मानसाचं रगत निवडनार. हिला साधी कोलंबी निवडता येत नाय."

त्यांची पाटी मात्र वेगळी गोष्ट. बांबूची, कडेला तांबडा कपडा शिवलेली, सासूकडून आलेली. सकाळी मासळी भरायच्या आधी तिला धुऊन हात जोडायचे. तिला कुणी ओलांडायचं नाही, तिच्याजवळ चप्पल काढायची नाही. घरात सुतक असलं की ती पालथी घालून ठेवायची. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे बघून माहीत होतं. बघितलेलं आणि समजलेलं यात किती अंतर असतं, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर जाईबाईंच्या मानेला गाठी आल्या. मग काखेत. संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. आपल्याकडे गाठ आणि ताप म्हटलं की पहिला अंदाज टीबीचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही येतो. गावातल्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिने झाले तरी ताप हटेना, उलट पाय सुजायला लागले. रुतिका त्यांना आमच्या हॉस्पिटलात घेऊन आली. मानेतली एक गाठ काढून तपासायला पाठवली, आणि ती माझ्याच टेबलावर आली.

माझं काम असं: शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. बघून निदान करायचं ते डॉक्टरांनी. काचेवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. आमच्या विभागाच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावून ती काच दाखवली, कारण अशी काच वर्षानुवर्षं दिसत नाही. गोल गोल केंद्रं आणि त्यांच्याभोवती पेशींचे थर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. कॅसलमनचा आजार, त्या म्हणाल्या. कॅन्सर नाही, टीबी नाही, लसिकाग्रंथींचा एक दुर्मिळ आजार. मी काचेचा नंबर रजिस्टरात शोधला आणि समोर जाईबाईंचं नाव दिसलं.

हा आजार समजून घ्यायला मला आठवडा लागला. आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडत असतात. त्यातले काही निरोप 'वाढा' असे असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. जखम भरायची असली, बाळ पोटात वाढायचं असलं, तर हे निरोप लागतातच. जाईबाईंच्या आजारात गाठी असे निरोप गरज नसताना, न थांबता धाडत राहतात. एक आहे आयएल-सिक्स. तो ताप आणतो, भूक मारतो आणि इतरांना चिथावतो. त्याच्या चिथावणीने वाढणारा दुसरा व्हीईजीएफ. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वाढवतो आणि सैलही करतो. अस्तर सैल झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि पाय सुजतात. सूज कुठून येते ते समजलं. पण किडनी का बिघडतेय, ते समजत नव्हतं.

रक्तातलं क्रिएटिनिन २.१ आलं होतं, म्हणजे किडन्या निम्म्याहून कमी कामावर. किडनीचे डॉक्टर अभिराम सर. त्यांच्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, टीबीच्या गोळ्यांनीच किडनीला इजा केली. तसं असेल तर गोळ्या बंद करायच्या आणि थांबायचं, किडनी बरेचदा सावरते. दोन, गाठींचा आजारच किडनीच्या चाळण्यांपर्यंत पोचलाय. तसं असेल तर थांबणं म्हणजे किडनी घालवणं. सुई घालून किडनीचा तुकडा काढला की उत्तर मिळालं असतं, पण जाईबाईंच्या प्लेटलेट सेहेचाळीस हजारांवर आल्या होत्या. रक्त न थांबण्याची भीती होती. म्हणून आधी एक सोपी तपासणी: चोवीस तासांत लघवीतून प्रोटीन किती जातं. चाळण्या फाटल्या असतील तर जास्त जाईल, गोळ्यांची इजा असेल तर थोडंच.

तो कॅन मी स्वतः नेऊन दिला. पांढरा, पाच लिटरचा, वर चोवीस तासांच्या सूचनांचा छापील कागद चिकटवलेला. ओपीडीबाहेर बाकड्यावर बसून मी जाईबाईंना, मी त्यांना मावशी म्हणते, सगळं समजावलं. उद्या सकाळी पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतर परवा सकाळपर्यंतची सगळी यात. आजूबाजूचे पेशंट ऐकत होते. मावशींनी मान डोलावली. मी विचारलं, "समजलं ना?" त्या म्हणाल्या, "समाजलं." पुढे मी काही विचारलं नाही.

रिपोर्ट आला: सहाशे मिली लघवी, आठशे चाळीस मिलिग्रॅम प्रोटीन. एक ग्रॅमच्याही खाली. सूज आलेल्या बाईला लघवी थोडी झाली यात कुणाला वावगं वाटलं नाही. अभिराम सरांचा कल गोळ्यांकडे झुकला. टीबीच्या गोळ्या बंद केल्या, पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली.

बाराव्या दिवशी, सकाळी ड्युटीला जाताना मी जाईबाईंच्या पाटीपाशी थांबले. त्या जागेवर नव्हत्या. पाटीवर ओलं फडकं, शेजारची बाई लक्ष ठेवून. विचारलं तर म्हणाली, "गेली रस्त्यापल्याडच्या संडासाला. त्या पान्याच्या गोलीनं हैरान केलाय तिला. सकालपासनं तिसऱ्यांदा."

मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. सूज उतरायला दिलेली, लघवी वाढवणारी गोळी त्या महिनाभर घेत होत्या. सकाळपासून तिसऱ्यांदा. मग कॅनमध्ये फक्त सहाशे मिली कसे?

आमच्याकडे तपासलेल्या लघवीचा थोडा नमुना काही दिवस गोठवून ठेवतात. बायोकेमिस्ट्रीतल्या शहाजीला मी म्हटलं, यातलं क्रिएटिनिन बघून दे. तो म्हणाला, मागितलंय कुणी? मी म्हटलं, मी. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा, रोज साधारण ठरलेल्या मापात बाहेर पडतो. जाईबाईंच्या वजनाच्या बाईचं दिवसाला आठशे-नऊशे मिलिग्रॅम पडायला हवं. कॅनमध्ये होतं साडेतीनशे. म्हणजे दिवसाची निम्मीसुद्धा लघवी कॅनमध्ये आली नव्हती. प्रोटीन कमी जात नव्हतं. मोजलंच कमी गेलं होतं.

दुपारी ड्युटी संपवून मी थेट सारसोळ्याला गेले. मावशी ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि तसाच राहत होता. रुतिकाने पाणी दिलं. मी कॅनचं विचारलं. बाजारात असताना लघवी झाली ती यात धरली होती का?

त्या आधी सुनेकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "नाय धरली," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं ना मावशी, सगळी."

"सांगितलं व्हतं. मना समाजलं पन व्हतं. पन तो डबा बाजारात नेऊ कुठं? पाटीशेजारी ठेवू? सासूची पाटी हाय ती. लोकं तिच्यातली मासली घरात नेतात, पोराबालांना घालतात."

मग घरीच का राहिला नाहीत एक दिवस, असं रुतिकाने विचारलं. शुक्रवार होता, मावशी म्हणाल्या. शुक्रवारी पाटी घरी ठेवतं का कोन.

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्या हसल्या. "तू एवढ्या मानसांत मावशी मावशी करत डबा हातात दिलास. सगली बगत व्हती, जाईबाईची कोन डाक्टरीन हाय म्हनून. तिथं नाय बोलू? तुजा मान गेला असता."

त्यांना सूचना समजल्या होत्या. मला त्यांचा दिवस समजला नव्हता, बावीस वर्षं डोळ्यांसमोर असून. अकरा तास बाजारात बसणाऱ्या बाईच्या हातात मी कॅन ठेवला होता, आणि बाजारात तो कुठे ठेवाल हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही. त्यांनी कॅनवरचा तो छापील कागद मागवून शांतपणे पूर्ण वाचला, बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाले, चूक या कागदाचीही आहे आणि माझीही, सहाशे मिलीवर मी थांबायला हवं होतं. त्यांनी ताजं रक्त तपासलं. क्रिएटिनिन तीनवर गेलं होतं. गोळ्या बंद करून बारा दिवस झाले होते आणि किडनी सावरत नव्हती, घसरत होती.

कॅन पुन्हा भरायचा ठरला. या वेळी दिवस मावशींनी निवडला: सोमवार. सोमवारी अर्धं गिऱ्हाईक उपासाचं. तरीही पाटी घरी ठेवायला त्या तयार नव्हत्या. शेवटी पाटी घेऊन रुतिका बसली, लग्नानंतर पहिल्यांदा. मावशी घरी कॅनजवळ बसून तासातासाला तिला फोन करत होत्या. बोय कापताना पोट उभं चिरायचं का आडवं, हे त्या दिवशी बीकॉमच्या मुलीला फोनवर शिकवलं गेलं. संध्याकाळी आमची आई तिच्याकडून मासळी घेऊन आली आणि म्हणाली, डोकं एकच दिलंन.

पंधराशे मिली. दोन ग्रॅम शंभर मिलिग्रॅम प्रोटीन. चाळण्या फाटत होत्या, यात आता शंका उरली नाही.

किडनीचा तुकडा काढायचा तर आधी प्लेटलेट चढवाव्या लागणार होत्या, आणि तरीही धोका होताच. प्रणयचं म्हणणं होतं की नको, औषधावरच बघा. कोणतं औषध, हेच तर त्या तुकड्यावरून ठरणार होतं, असं सरांनी त्याला दोनदा समजावलं. सगळे बोलत असताना मावशींनी मला खाटेजवळ बोलावलं.

"सुई घातल्यावर रगत थांबलं नाय तर?"

एरवी आम्ही सगळे अशा वेळी 'काही होत नाही' म्हणतो. मला ते म्हणवेना. मी सांगितलं, बहुतेक वेळा थांबतं. कधीकधी रक्त चढवावं लागतं. क्वचित त्याहून वाईट होतं. पण सुई नाही घातली तर किडनी जाईल, असं सरांना वाटतंय, आणि मलाही.

त्या म्हणाल्या, "हां. आता खरं बोल्लीस. शिली मासली ताजी म्हनून मी कदी कोनाला दिली नाय. तू पन देऊ नको." आणि अंगठ्याला शाई मागितली. सही येत असून. सहीला हात थरथरतो, म्हणाल्या, लोकांना वाटेल घाबरली.

रक्त थांबलं. सहा तास त्यांना उताणं झोपवून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात त्यांनी वॉर्डातल्या नर्सला चिंबोरी ताजी कशी ओळखायची ते सांगून टाकलं.

तो तुकडा माझ्याकडे आला. सुतळीच्या टोकाएवढा, दीड सेंटिमीटर. असा तुकडा कापताना एक काप वाया गेला तरी परवडत नाही. पाटीला हात जोडायची सवय मला नाही, पण त्या दिवशी मेणाचा ठोकळा यंत्रात बसवल्यावर मी क्षणभर थांबले.

निरोगी किडनीची चाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक सुबक गुंता असतो. मावशींच्या किडनीत त्या वाहिन्यांचं आतलं अस्तर फुगून वाट बुजत आली होती. चांदीच्या क्षाराने रंगवल्यावर भिंत एकेरी काळी दिसायला हवी, ती जागोजागी दुहेरी दिसत होती, अस्तर भिंतीपासून सुटून मध्ये नवी भिंत धरल्यासारखी. गोळ्यांची इजा अशी दिसत नाही.

मग आली ती गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले. सरांनी रक्तातलं व्हीईजीएफ बाहेरच्या लॅबमधून मोजून घेतलं होतं. नेहमीच्या आठ पट. आणि उरलेला एक काप एका संशोधन संस्थेत पाठवून किडनीतल्या पेशींमध्ये तेच व्हीईजीएफ किती आहे ते बघितलं होतं. निरोगी माणसाच्या चाळणीभोवतीच्या पेशी या तपासणीत गडद तपकिरी होतात, कारण त्या स्वतः हा निरोप बनवून शेजारच्या अस्तराला जिवंत ठेवतात. मावशींच्या त्या पेशी जवळजवळ कोऱ्या होत्या.

मला वाटलं, कुठेतरी गफलत आहे. रक्तात आठ पट आणि किडनीत नाहीच? सर म्हणाले, असं या आजाराच्या मोजक्या पेशंटांमध्ये याआधीही दिसलंय. बाहेरून एवढा मारा होतो की घरची पेशी आपलं काम बंद करते, असा एक अंदाज. पक्कं माहीत नाही. आजारच दुर्मिळ, पुरावा आणणार कुठून. पण एक गोष्ट याच दिशेला बोट दाखवते. कॅन्सरच्या काही पेशंटांना व्हीईजीएफ थांबवणारं औषध देतात, तेव्हा कधीकधी त्यांच्या किडनीत हेच चित्र उमटतं. म्हणून आपण व्हीईजीएफला हात लावायचा नाही. त्याच्या मागून चिथावणारा आयएल-सिक्स अडवायचा.

आयएल-सिक्स अडवणाऱ्या औषधाचं पहिलं सलाईन लागलं त्या दिवशी मावशींनी विचारलं, तुज्या काचेत काय दिसलं ते मना सांग. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. रक्तात ती वस्तू भरपूर आहे, मावशी, पण किडनीला जिथे हवी तिथे तिचा थेंब नाही. हे कसं, ते डॉक्टरांनाही पुरतं माहीत नाही.

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "मी लगीन होऊन आले तवा गावात नल नव्हता. खाडीला भरती आली का पानी पार ओट्याला लागायचं. न प्यायला थेंब नाय. भरती मोठी आली का हिरीत पन खारं शिरायचं, मंग हीर बंद. पानी किती हाय त्याला काय अर्थ नाय बाय. गोडं हाय का, न घरात हाय का."

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं.

दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, सोबत स्टेरॉइड. ताप पहिल्या पंधरवड्यात गेला. प्लेटलेट दीड महिन्यात लाखावर आल्या, गाठी हाताला लागेनाशा झाल्या. क्रिएटिनिन तीनवरून उतरत १.६ वर येऊन थांबलं. तिथून ते हललेलं नाही. ते बारा दिवस हाती असते तर आणखी उतरलं असतं का? मी सरांना विचारलं, त्यांनी सांगता येत नाही म्हटलं. मावशींनाही विचारलं. त्या म्हणाल्या, गेलेल्या भरतीमागं जालं टाकू नये.

कॅन देणं आता आमच्या लॅबमध्ये माझ्याकडेच आलंय. 'समजलं ना' मी विचारत नाही. उद्या उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही कुठे कुठे असता, हे विचारते. रिक्षावाले, वॉचमन, घरकामाच्या बाया. उत्तर ऐकता ऐकता दिवस बदलावा लागतो, कधी कॅनऐवजी दुसरी तपासणी सुचवावी लागते. कागदही बदललाय, पण तो अजून कुणी वाचताना दिसत नाही.

जाईबाई पुन्हा कोपऱ्यावर बसतात, फक्त सकाळी. संध्याकाळी रुतिका असते आणि तिला आता बोय कापता येते. तीन महिन्यांतून एक सोमवार कॅनचा. त्या दिवशी पाटी सबंध दिवस सुनेकडे. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, म्हणून पाटीच्या मागे, फडक्याआड, एक बाटली असते. परवा मी ड्युटीला जाताना त्यांनी ती उचलून मला दाखवली, अर्धी संपलेली. मग शेजारणीला पाटी बघायला सांगून उठल्या, पदर खोचला आणि रस्ता ओलांडून गेल्या.